इवायांची होडी

येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या, दिवशी उदगीरच्या आडत बाजारात कुत्रंसुद्धा फिरकत नाही. अख्खं शहर डबे, पिशव्या, घागरी घेऊन रानात गेलेलं असतं. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात, ज्याला नाही तो ओळखीच्या माणसाच्या शेतात. गुरुपादप्पांना शेत नव्हतं. तीन पिढ्या भुसाराची आडत, तूर आणि उडदाच्या पोत्यांत जन्म गेलेला. पण माल घालणारे शेतकरी मायाळू होते. दर मार्गशीर्षात दहा ठिकाणची बोलावणी यायची आणि त्यांतलं एखादं ते आनंदानं घ्यायचे.

एक बोलावणं मात्र सलग तीन वर्षं येत होतं आणि ते घेत नव्हते. ते त्यांच्या व्याह्याचं, तिकडच्या बोलीत इवायाचं, होतं.

त्यांची लेक मंजुश्री लातूरला शिकायला गेली आणि चाकूरजवळच्या एका मराठा शेतकऱ्याच्या मुलाशी, सुदर्शनशी, तिनं रजिस्टर लग्न केलं. गुरुपादप्पा त्या दिवशी दुकानात बसून राहिले. गिऱ्हाईक नव्हतं तरी बसून राहिले. जावई वाईट नव्हता, चाकूरला त्याचं कृषी सेवा केंद्र होतं, बोलायला चालायला नम्र होता. जातीचं दुःखही पहिल्या वर्षात बोथट झालं. पण एक गोष्ट त्यांच्या घशाखाली उतरत नव्हती. जावयाचे वडील लिंबाजीराव मासळीचे नादी होते. तळ्यावर गळ टाकून तासन् तास बसणारा माणूस, असं त्यांच्या कानावर आलं होतं. गुरुपादप्पांच्या लिंगायत घरात कांदासुद्धा सोमवारी चिरत नसत. रोज सकाळी इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारी आपली पोरगी त्या वासात कशी जेवत असेल, हा विचार आला की त्यांच्या हातातला घास ताटात परत जायचा. कुणाला विचारायची मात्र त्यांची तयारी नव्हती. त्यांच्या पत्नी दानम्मा लेकीकडे जाऊन यायच्या. आल्यावर काही सांगू लागल्या की ते हात वर करायचे. "त्या घरचं मला सांगू नको."

यंदा दानम्मांनी हातातला डबा खाली ठेवून सांगितलं, "मी पोरीकडं येळवशीला जाणार. तुम्ही यायचं तर या, नाहीतर बसा पोती मोजत. मला साकु झालं."

दानम्मांच्या तोंडून 'साकु' आलं की विषय संपला. पुरे म्हणजे पुरे. गुरुपादप्पा मुकाट्यानं एसटीत बसले.

लिंबाजीरावांचं शेत आणि त्यातलंच राहतं घर साठवण तलावाच्या अगदी काठाला होतं. फाट्यावर उतरून चालत आलं की आधी तलावाची गर्दीच लागायची. शेत नसलेली, शेत लांब असलेली, नुसतीच मजा बघायला आलेली सगळी माणसं त्या उतारावर जमली होती. सतरंज्या पसरलेल्या, ट्रॅक्टरवर गाणी लागलेली, भेळेचा गाडा, फुगेवाला, पाण्यात गाड्या धुणारे आणि पाण्याकडे पाठ करून फोटो काढणारे. एका अंगाला म्हशी डुंबत होत्या.

"या, या इवाई!" लिंबाजीराव बांधावरूनच ओरडले. उंच, हाडापेरानं मोठा माणूस, डोक्याला गुलाबी पटका. "लई वाट बघायला लावली."

तीन वर्षांचा हिशेब त्या एका वाक्यात होता की नाही, हे गुरुपादप्पांना कळलं नाही. त्यांनी नुसते हात जोडले.

पूजा चांगली झाली. कडब्याची कोप म्हणजे छोटी खोपी, आत पांडव म्हणून मांडलेले पाच दगड, भोवती ज्वारी-हरभऱ्याचं हिरवंगार रान. कस्तुराबाईंनी, म्हणजे विहीणबाईंनी, सगळ्या शेंगा-पालेभाज्या एकत्र शिजवलेल्या भज्जीचं पातेलं उघडलं तेव्हा गुरुपादप्पांच्या तोंडाला पाणी सुटलं. मंजुश्री पदर खोचून आंबील वाढत होती. अन्न मानवल्यासारखी ती थोडी भरली होती अंगानं. गुरुपादप्पांनी ते पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं केलं.

जेवण व्हायच्या आतच लिंबाजीरावांची चुळबुळ सुरू झाली होती. कारण गोठ्याच्या भिंतीला एक लांबलचक, हिरवी, प्लास्टिकची वस्तू टेकवून ठेवलेली होती. सुदर्शननं वडलांच्या साठीला ती मागवली होती. मासे धरायची कयाक. दोन माणसांची, दोन खुर्च्यांची, गळाच्या काठ्या खोचायला भोकं असलेली. आदल्याच दिवशी ती टेम्पोतून उतरली होती आणि तिनं अजून पाणी बघितलेलं नव्हतं.

"बापू, आज नको. गर्दी हाय," सुदर्शन म्हणाला. त्याच्या उजव्या हाताला प्लास्टर होतं. क्रिकेट खेळताना पडला होता.

"गर्दी हाय म्हणूनच. येळवशीला नवं काई तरी करावं मानसानं."

"गळ घेऊ नका मंजे झालं," कस्तुराबाई भाकरी मोडत म्हणाल्या. "आज येळवस हाय."

"छ्या! नुसती पान्यात घालून बघतो की."

दोघा गड्यांनी कयाक उचलली आणि वरात निघावी तशी मंडळी तिच्यामागून तलावाकडे निघाली. गर्दीनं ती पाहिली आणि ट्रॅक्टरवरची गाणीसुद्धा बंद झाली. एवढ्या माणसांतून वाट काढत होडी पाण्याला लावायची, हेच मोठं काम होतं. कुणाची सतरंजी आड आली, कुणाचं पोरगं. "सरका, सरका," म्हणत गडी पाण्याशी पोचले, तोवर दोन्ही बाजूंनी माणसांची भिंत उभी राहिली होती आणि बहुतेकांच्या हातात मोबाईल होता.

लिंबाजीराव एकटेच मागच्या खुर्चीत बसले. गड्यांनी ढकललं. पुढं कुणीच नसल्यानं होडीचं तोंड आभाळाकडं गेलं, बूड चिखलात रुतलं, आणि ती पाण्यात सरळ जायच्या ऐवजी आडवी होऊन म्हशींकडं निघाली. लिंबाजीरावांनी वल्हं एका बाजूनं मारलं. होडी गर्रकन फिरली. दुसऱ्या बाजूनं मारलं, ती उलटी फिरली. मग तिचं नाक एका म्हशीच्या पाठीला जाऊन टेकलं. म्हशीनं मान वळवून पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटले.

काठावर एकच हशा पिकला. "मामा, म्हशीचं तिकीट काढा!" कुणीतरी ओरडलं.

"जरा डावीकडनं मारा!"

"अवो, उजवीकडनं!"

"उतरा आन् ओढा, उतरा आन् ओढा!"

गड्यांनी होडी परत ओढून आणली. लिंबाजीराव हसत होते, पण पटक्याखालचा चेहरा लाल झाला होता. गुरुपादप्पांनी तो चेहरा पाहिला. आडतीवर चाळीस वर्षं बसलेल्या माणसाला चेहरे वाचता येतात. चारचौघांत मालाला नावं ठेवल्यावर शेतकऱ्याचं तोंड होतं, तसं ते झालं होतं.

"ही दोघांची हाय बापू," सुदर्शन कानकोंडा होऊन म्हणाला. "पुढं वजन लागतं. माझा हात बरा झाला की जाऊ."

"मी बसते, मामा," मंजुश्री सासऱ्यांना एकदम म्हणाली. तिनं पदर कमरेला घट्ट बांधला आणि चपला काढल्या. "पुढंच बसायचं ना?"

गर्दीतून एक शिट्टी आली. चार मोबाईल तिच्याकडं वळले.

"तू नको," गुरुपादप्पा म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "मी बसतो."

दानम्मांच्या हातातली हरभऱ्याची डहाळी खाली पडली. "तुम्ही?"

"हो. मी."

का म्हणाले ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. पोरीकडं वळलेले ते मोबाईल नको होते हे खरं. पण त्या लाल झालेल्या चेहऱ्यावर ही माणसं हसली, हेही त्यांना झोंबलं होतं. तीन वर्षं त्यांनी स्वतः त्या माणसाला मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं. पण ते घरातलं होतं. भेळेच्या गाड्याजवळच्या उपऱ्यांनी का हसावं?

त्यांनी चष्मा दानम्मांकडं दिला, धोतराचा काचा मारला आणि अंगरख्यावर होडीबरोबर आलेलं नारिंगी लाइफ जाकीट चढवलं. गळ्यातली चांदीची डबी आतल्या बाजूला नीट बसवली. त्यात इष्टलिंग होतं. दीक्षेच्या दिवशी गुरूनं हातावर ठेवलेलं, तेव्हापासून अंगावरून न उतरलेलं.

"इवाई, पवता येतं का?" लिंबाजीरावांनी हळूच विचारलं.

"नाही."

"मग कशापाई..."

"बसा तुम्ही मागं. लोक बघतायत."

या खेपेला काठावरच दोघं बसले आणि सात-आठ जणांनी एकदम ढकललं. ढकलणाऱ्यांत एकवाक्यता नव्हती. डावीकडच्यांनी जोर जास्त लावला. होडी सुसाट पाण्यात गेली, एका अंगावर कलली, गुरुपादप्पा घाबरून त्याच अंगाला झुकले, आणि मग थंड, काळं, चिखलाच्या वासाचं पाणी त्यांच्या डोक्यावरून गेलं.

पाणी कमरेएवढंच होतं. पण त्यांना ते कळलं नाही. त्यांचे दोन्ही हात गळ्याशी गेले होते. जाकिटाच्या आत, अंगरख्याच्या आत, ते चाचपत होते. कुणीतरी दंडाला धरून त्यांना उभं केलं. कानात पाणी होतं, डोळ्यांत पाणी होतं, आणि त्यातूनही पहिला आवाज ऐकू आला तो लिंबाजीरावांचा.

"लिंग हाय न्हवं? इवाई, लिंग हाय न्हवं गळ्यात?"

बोटांना डबी लागली. दोरा गाठीसकट जागेवर होता.

"आहे," गुरुपादप्पा म्हणाले.

"हाय? बघा नीट. न्हाईतर मी बुडी मारतो, गाळ उपसतो."

"आहे हो. आहे."

लिंबाजीरावांनी मोठा श्वास सोडला. त्यांचा पटका पाण्यावर तरंगत लांब चालला होता, त्याच्याकडं त्यांचं लक्षच नव्हतं. काठावर लोक हसत होते, ओरडत होते. गुरुपादप्पांना त्यांतलं काही ऐकू येत नव्हतं. ह्या माणसानं पाण्यातून वर आल्याबरोबर 'लागलं का' असं विचारलं असतं तरी चाललं असतं. ह्यानं लिंगाचं विचारलं. ह्याला कुणी शिकवलं असेल हे?

"चला काठावर," लिंबाजीराव म्हणाले. "ऱ्हाऊ द्या. झाली हौस."

"आता कुठं जाता? भिजायचं ते भिजलो. ती होडी सरळ करा."

आता त्यांनी कुणाला ढकलू दिलं नाही. गर्दीकडं वळून गुरुपादप्पांनी बाजारातला आवाज काढला, ज्या आवाजानं ते हमालांची भांडणं थांबवत. "मागं व्हा सगळे! समोरची वाट मोकळी करा! त्या पोरांना बाजूला घ्या!" आणि आश्चर्य म्हणजे माणसं हटली. गुडघ्याच्या वर पाणी येईपर्यंत दोघांनी होडी चालवत नेली. लिंबाजीरावांनी ती दोन्ही बाजूंनी धरून ठेवली, गुरुपादप्पा आधी बूड टेकवून आणि मग पाय आत घेऊन बसले. मग लिंबाजीराव एका झेपेत मागं बसले. होडी डुलली, थरथरली, आणि शांत झाली.

पण पुढं जाईना. एकाचं वल्हं पाण्यात जायचं तेव्हा दुसऱ्याचं वर. दोन्ही वल्ही एकमेकांवर खटाखट आपटू लागली. काठावर पुन्हा खिदळणं सुरू झालं.

"थांबा," गुरुपादप्पा म्हणाले. "मी मोजतो. माझ्या मोजणीवर मारा. आधी उजवीकडून. लाभ..."

मागून खळखळून हसू आलं. बाजारात धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' कुणी म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात. लिंबाजीरावांनी जन्मभर आपल्या शेतातली ज्वारी त्याच बोलीत मोजून घेतली होती.

"म्हना इवाई, म्हना!"

"लाभ... दोन... तीन... चार..."

आणि ती जड, हिरवी होडी, तुरीचं पोतं काट्यावर अलगद बसावं तशी पाण्यावर बसली आणि सरळ निघाली. म्हशी मागं पडल्या. गाणी बारीक झाली. काठावर मंजुश्री दोन्ही हात वर करून काहीतरी ओरडत होती, तेही ऐकू येईनासं झालं.

मधल्या पाण्यात गेल्यावर गुरुपादप्पांनी मोजणं थांबवलं. इतकी शांतता त्यांनी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. वाऱ्यानं ओलं अंग शहारत होतं, पण ऊन पाठीवर चांगलं लागत होतं. लांब पलीकडच्या काठावर बगळे उभे होते. सोयाबीन निघालेली काळी रानं, मध्येच हरभऱ्याचे हिरवे पट्टे, आणि सगळीकडं छोट्या छोट्या कोपी. माणसं जेवताना मुंग्यांएवढी दिसत होती.

"इवाई," मागून आवाज आला. जरा चाचरत. "एक इचारू का? राग न्हाई ना यायचा?"

गुरुपादप्पांनी वल्हं मांडीवर घेतलं. आता लग्नाचं निघणार. तीन वर्षं का आला नाहीत, पोरीनं काय पाप केलं होतं, हे सगळं. ते उत्तर जुळवू लागले.

"विचारा."

"गळ टाकू का?"

गुरुपादप्पांनी मान वळवायचा प्रयत्न केला, होडी डुलली म्हणून सोडून दिला. "आणलाय?"

"हितं झाकनाखाली हाय. घडीचा हाय. कस्तुराला म्हाईत न्हाई."

गुरुपादप्पांनी वल्ह्याचं पाणी निथळू दिलं. मग समोरच्या पाण्याकडं पाहतच त्यांनी तो प्रश्न विचारला, जो त्यांनी बायकोलाही कधी विचारला नव्हता. तोंड दिसत नव्हतं म्हणून विचारता आला.

"तुमच्या घरात... रोज शिजते का?"

"काय?"

"मासळी."

"घरात?" लिंबाजीरावांना नवल वाटलं. "घरातली बंद केली की. सून आली तवाच."

"म्हणजे?"

"आता बगा. लगीन झालं, पयल्याच हप्त्यात मी एक मरळ आनली. कस्तुरानं कालवन केलं. पोरीनं मुकाट्यानं आमाला वाढलं बी. तोंडातनं शबुद न्हाई. मग म्या बघितलं, मागं परसात जाऊन पोटातलं सगळं ओकलं तिनं. आन् परत येऊन इचारती, मामा, अजून भाकर वाढू का." लिंबाजीराव थांबले. "माझ्या घशात अडकलं बगा ते. त्या दिसापास्नं आपली चूल शेतात. गोठ्याच्या मागं. मीच आनतो, मीच शिजवतो, भांडी बी तितंच घासतो. लई वाईट शिजवतो, ती गोष्ट येगळी."



"मला कुणी सांगितलं नाही," गुरुपादप्पा म्हणाले.

"ईनबाईला म्हाईत हाय की! त्यांनीच मला लिंगाचं समदं सांगितलं. कसं जपायचं, पोरीच्या पूजेच्या वक्ताला कुणी हाक मारायची न्हाई, ते. म्या गड्यांना बी ताकीद देऊन ठिवली हाय."

त्या घरचं मला सांगू नको. गुरुपादप्पांना आपलाच वर केलेला हात आठवला. किती वेळा वर केला होता तो. दर वेळी दानम्मा तोंड उघडून मिटून घ्यायच्या.

होडी आपोआप थोडी वळली. वाऱ्यानं पाण्यावर बारीक सुरकुत्या आल्या. गुरुपादप्पांनी उपरण्यानं तोंड पुसायला हात नेला, तर उपरणं नव्हतंच, तेही तलावात गेलं होतं. मग त्यांनी ओल्या बाहीनंच डोळे पुसले.

"टाका गळ," ते म्हणाले.

"खरंच?"

"टाका. पण मारायचा नाही."

"आज कुटला मारतो? येळवस हाय. धरायचा आन् सोडायचा. नुसती वढ बघायची हो. ती वढ लई ग्वाड असती."

काठी उघडल्याचा कटकट आवाज झाला, दोरी सुर्रकन गेली, लांब कुठंतरी 'डुब्' झालं. मग वाट बघणं आलं. गुरुपादप्पांना वाटलं होतं कंटाळा येईल. पण आडतीवर भाव फुटायच्या आधी सगळा बाजार गप्प होतो, तशी ही गप्प वाट होती, आणि ती त्यांना नवी नव्हती. ते लेकीबद्दल विचारू लागले. ती काय करते दिवसभर, दुकानात जाते का, कुणाशी जमतं. लिंबाजीराव कुजबुजत सांगत होते. ती केंद्रात बसते, शेतकऱ्यांना औषधं समजावून सांगते, उधारीवाले तिला घाबरतात. "तुमच्यावर गेली हाय," ते म्हणाले, आणि गुरुपादप्पा न राहवून हसले.

तेवढ्यात दोरी ताणली. होडीचं बूड एकदम खाली गेल्यासारखं झालं. "आली, आली!" लिंबाजीराव ओरडले. "हालू नका इवाई! न्हाई, हाला, उजवीकडं वजन टाका! बास, बास!" काठी वाकून कमान झाली. पाण्यात काहीतरी काळं, जाडजूड उसळलं आणि पुन्हा खाली गेलं. किती वेळ ते चाललं कोण जाणे. शेवटी एक मरळ, चांगली हातभर, थपाथप आपटत दोघांच्या मधे येऊन पडली. गुरुपादप्पांनी पाय वर घेतले. मग, दिसलं नाही म्हणून, जपून अर्धे वळले.

लिंबाजीरावांनी तिच्या तोंडातली गरी हलक्या हातानं सोडवली. "जगत्यात मरळी. लई चिवट जात. तुमच्या हातानं सोडता का?"

"मी?"

"धरा. हितं, डोक्याच्या मागं. चावत न्हाई."

गुरुपादप्पांनी हात पुढं केला. मागं घेतला. पुन्हा पुढं केला. तो जीव थंड होता, गुळगुळीत होता, आणि त्यांच्या तळव्यात त्याचं सगळं अंग धडधडत होतं. वास होताच. पण तो पाण्याचा, शेवाळ्याचा वास होता. त्यांनी 'शिव शिव' म्हटलं आणि हात पाण्यात बुडवला. मरळ एक क्षण तिथंच थांबली, जणू सुटल्याचं तिला पटलं नाही. मग शेपटी मारून गेली.

"गेली," गुरुपादप्पा लहान पोरासारखे म्हणाले. त्यांना तळव्यात ती धडधड अजून जाणवत होती.

परत येताना त्यांनी वल्ही जोरात मारली. काठावरची गर्दी निम्मी जेवायला बसली होती, उरलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. कस्तुराबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांना काठावरूनच काठी दिसली होती.

"येळवशीच्या दिवशी! इवायांना संगं घिऊन! लाज न्हाई वाटत?"

"मीच टाका म्हटलं, विहीणबाई," गुरुपादप्पा म्हणाले. "मासा सोडलाय. माझ्या हातानं."

कस्तुराबाईंनी कमरेवरचे हात खाली घेतले. दानम्मा नवऱ्याकडं बघत होत्या, आणि काय समजायचं ते समजल्या. नवऱ्याचा चष्मा पदरानं पुसून त्यांनी त्यांच्या हातात दिला. "सांगितलं का त्यांनी?" एवढंच विचारलं.

"सांगितलं."

"मी तीन वर्षं सांगत होते."

"चुकलं माझं," गुरुपादप्पा म्हणाले. आपलं लग्न झाल्यापासून हे वाक्य दानम्मांनी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. त्या गोंधळून भलतीकडंच बघू लागल्या.

कोरडे कपडे लिंबाजीरावांचे होते. धोतर लांब, अंगरखा ढगळ, बाह्या दोनदा दुमडाव्या लागल्या. तशाच अवतारात ते कोपीपुढं बसले आणि मंजुश्रीनं त्यांना पुन्हा जेवायला वाढलं. तोवर कुणीतरी व्हिडिओ पुढं पाठवला होता. उदगीरहून दानम्मांच्या मोबाईलवर पुतण्याचा फोन आला. "काका, म्हशीपाशी पाण्यात पडलेले ते तुम्हीच का?" गुरुपादप्पांनी "हो, मीच" म्हणून फोन ठेवला आणि भज्जीत बाजरीचा उंडा मोडला.

मंजुश्री समोर बसली होती. तिनं विचारलं, "अप्पा, थंडी वाजतेय का?"

"नाही." मग ताटाकडं बघत, "तू जेवलीस का पोटभर?"

हा साधा प्रश्न होता. घराघरांत रोज विचारला जातो. मंजुश्रीनं मान हलवली, उठली, आणि खिरीचं पातेलं आणायच्या निमित्तानं कोपीच्या मागं गेली. जरा वेळानं आली तेव्हा डोळे धुतलेले होते.

ऊन कलल्यावर सुदर्शननं मोटारसायकल काढली, आधी सासूबाईंना आणि मग सासऱ्यांना फाट्यावर सोडायला. एका हातानं चालवणार कशी म्हणून गड्याला बसवलं. दानम्मा पिशवी घेऊन तयार झाल्या. गुरुपादप्पा मात्र बाजेवरून उठले नाहीत. ते लिंबाजीरावांना विचारत होते की सकाळी मरळ किती वाजता वर येते.

"अहो, एसटी," दानम्मा म्हणाल्या.

"जाऊ दे."

"मुक्कामाचं कापड आणलं नाही काही."

"ह्यांचं आहे की," गुरुपादप्पांनी अंगातल्या ढगळ अंगरख्याला हात लावला. "पूजेचं सामान मंजुश्रीकडं असेलच."

"हाय, अप्पा," मंजुश्री घराच्या दारातूनच म्हणाली. आता तिच्याही बोलीत सासरचा 'हाय' शिरला होता, आणि गुरुपादप्पांना तो कानाला बरा वाटला.

फाट्यावरून उदगीरची एसटी हॉर्न वाजवत निघून गेली. कस्तुराबाई आत जाऊन जास्तीची पांघरुणं काढू लागल्या.